धामापूर तलावाच्या परिसरात ग्रॅव्हल सायकलिंग : वाहनमुक्त वाटा कशा शोधाव्यात आणि कशा पार कराव्यात

डांबरी रस्त्यावर मागून येणाऱ्या डंपरचा आवाज ऐकत सायकल चालवण्याचा कंटाळा आला की कोणत्याही सायकलस्वाराचे लक्ष बाजूच्या लाल मातीच्या वाटांकडे जाते. अशा खडी-मातीच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवणे म्हणजेच ग्रॅव्हल सायकलिंग, आणि कोकणात अशा वाटा विपुल आहेत. त्यांपैकी ज्या एखाद्या तलावाच्या आसपासच्या डोंगरउतारांवरून जातात, त्या नवशिक्यासाठी सर्वांत चांगल्या, कारण तिथे सावली असते, उंचीचा फरक बेताचा असतो आणि वाट चुकली तरी पाणी कोणत्या दिशेला आहे हे कळत राहते. माझ्या ओळखीचा तलाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातला धामापूरचा. १५३० मध्ये दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून तो तयार करण्यात आला, श्री भगवतीचे देऊळ त्याच्या काठावर आहे, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला. पुढील पायऱ्या मी याच परिसराच्या अनुभवावरून लिहिल्या आहेत. मात्र जांभ्या दगडाच्या प्रदेशातील कोणत्याही तलावाला त्या थोड्याफार फरकाने लागू पडतील.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे फलक लावलेला, आखून दिलेला सायकलमार्ग नाही. ज्या वाटांवरून आपण जाणार आहोत त्या शेतकऱ्यांच्या, बागायतदारांच्या आणि गुराख्यांच्या आहेत, आणि त्या त्यांच्या कामासाठी पडलेल्या आहेत. म्हणून तलावाला पूर्ण प्रदक्षिणा घालण्याचा हट्ट पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. मी तो सोडला नव्हता आणि त्यापायी एक संध्याकाळ वाया घालवली, त्याविषयी पुढे येईल.

१. आधी जमीन वाचायला शिका

तलावाच्या भोवतालची जमीन तीन थरांत विभागलेली असते. हे थर ओळखता आले की नकाशात नसलेली वाटही बरीचशी अंदाजाने कळते.

पहिला थर बांधाच्या खालचा. इथे तलावाचे पाणी पाटाने शेतात आणि आगरात (बागायतीत) जाते. माड-पोफळी, भाताचे कुणगे (शेताचे लहान तुकडे), घरे, गोठे आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या पाणंदी असे याचे रूप असते. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, गडगे (बुटक्या भिंती) असलेली अरुंद वाट. ती सपाट आणि सावलीची असते, परंतु एका वेळी एक जनावर किंवा एक सायकल एवढीच तिची रुंदी असते. या थरात सायकल वेगाने चालवायची नाही. पाटाच्या कडेवरून तर मुळीच चालवू नये. ती कड मातीची असते, चाकाने ढासळते, आणि एक जागा फुटली की खालच्या शेताचे पाणी तुटते.

दुसरा थर तलावाच्या दोन्ही अंगांच्या उतारांचा. इथे रान दाट असते, ऐन, किंजळ, रातांबा आणि त्यांच्यामध्ये काजूच्या लागवडी. डोंगरातून येणारे व्हाळ (ओढे) या उताराला ठिकठिकाणी कापतात. काठाने सरळ जाऊ पाहणारी वाट प्रत्येक व्हाळाशी एकतर खाली चिखलात उतरते किंवा वर चढून साकवावर (लहान पुलावर) जाते. नकाशात काठालगत अर्धा किलोमीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात सायकल खांद्यावर घेऊन पाऊण तास खाते, ते यामुळेच.

तिसरा थर वरचा सडा. सडा म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार, आणि ग्रॅव्हल सायकलिंगसाठी खरा आनंद तिथेच आहे. जमीन कठीण, वाट रुंद, दृष्टी लांबवर जाते आणि गाड्यावाटांचे जाळे असते. परंतु सड्यावरच चिरेखाणी असतात, आणि खाणीकडे जाणारी वाट दिसायला अगदी मातीची असली तरी तिच्यावरून भरलेले ट्रक धावतात. चाकोरी खोल असेल, दोन्ही बाजूंच्या झुडपांवर लाल धूळ साचली असेल आणि वळणांवर माती पिठासारखी बारीक झालेली असेल, तर ती खाणीची वाट समजावी व दुसरी शोधावी. वाहनमुक्त वाट ओळखण्याची खूण याच्या उलट आहे: दोन चाकोऱ्यांच्या मध्ये गवताचा उंचवटा शाबूत असतो.

२. घरी बसून नकाशा तयार करा

मोबाइलमधील नेहमीचा नकाशा इथे अपुरा पडतो. तो डांबरी रस्ता ओळखतो आणि वाडीत जाणारी शेवटची वाट गाळतो. मी चार आधार एकमेकांवर ठेवून पाहतो.

उपग्रह चित्र सर्वांत आधी. शक्यतो फेब्रुवारी ते एप्रिल या काळातील चित्र निवडावे, कारण तेव्हा गवत वाळलेले असते आणि लाल वाट स्पष्ट उमटते. पावसाळ्यानंतरच्या चित्रात सगळेच हिरवे दिसते. त्यानंतर ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित एखादे ॲप घ्यावे आणि त्यात तो भाग आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे रेंज नसतानाही नकाशा उघडेल.

तिसरा आधार भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलाकृतिक नकाशे. १:५०,००० प्रमाणाचे हे नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून नोंदणी करून घेता येतात. त्यांतील समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरच्या अंतराने असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. कोकणातली घाटी, म्हणजे छोटी उभी चढण, पुष्कळदा १०-१५ मीटरचीच असते आणि तेवढ्यातच ती दम काढते. दोन रेषांच्या मध्ये ती पूर्ण लपून जाते. नकाशावर सपाट दिसलेल्या वाटेवर सायकल ढकलावी लागली तर नकाशा चुकला असे समजू नये.

चौथा आधार गावनकाशा. भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय नकाशे पाहता येतात. त्यांत गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. या नकाशाचा उपयोग वाट सापडण्यापेक्षा, ती कोणाच्या जमिनीतून जाते हे कळण्यासाठी अधिक आहे. काही नवखे सायकलस्वार गावनकाशावरची रेषा दाखवून ‘ही सरकारी वाट आहे’ असे शेतकऱ्याला सांगतात. हे टाळावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १४३ सारख्या तरतुदी शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पोहोचता यावे म्हणून आहेत. फिरायला आलेल्या माणसाने त्यांचा आधार घेणे उचित नाही आणि त्याने काही साध्यही होत नाही.

या चारही आधारांवरून कागदावर एक रेखाटन करावे आणि त्यावर तीन रंगांत खुणा कराव्यात: ज्या वाटेची खात्री आहे ती हिरवी, जी केवळ चित्रात दिसते ती पिवळी, आणि जी देवराई, कुंपण किंवा घराच्या खळ्यातून (अंगणातून) जाते ती लाल.

३. सायकलशिवाय एकदा चालून या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच.

पहिल्या हिवाळ्यात मी उपग्रह चित्रावर तलावाचा पूर्ण फेरा आखला आणि दुपारी तीनला थेट सायकल घेऊन निघालो. पहिले सहा किलोमीटर उत्तम गेले. त्यानंतर वाट एका काजूच्या बागेत शिरली आणि काटेरी तारेपाशी संपली. चित्रात ती पलीकडे पुढे जात होती, म्हणून मी तारेच्या कडेने खाली उतरलो, एक व्हाळ सायकल उचलून ओलांडला आणि दुसऱ्या बागेच्या तारेपाशी येऊन उभा राहिलो. तोवर साडेपाच झाले होते. डिसेंबरात इथे सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि रानात त्याच्या आधीच अंधारते. मोळी घेऊन निघालेले एक वयस्कर गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “सायकल घेवन खंय जातास? फुडे वंय घातलेली आसा, वाट नाय. मागे फिरा, पिंपळाकडसून पाणंद गावतली.” वंय म्हणजे कुंपण, गावतली म्हणजे मिळेल. त्यांनी दाखवलेली ती पाणंद कोणत्याही नकाशात नव्हती. दोन गडग्यांच्या मधून, पातेऱ्यावरून (गळून पडलेल्या वाळक्या पानांवरून), अवघ्या वीस मिनिटांत तिने मला डांबरी रस्त्यावर आणून सोडले. येताना मी त्याच पिंपळाखालून गेलो होतो आणि तिथे कोणी भेटले असते तर विचारायला थांबलोही नसतो.

म्हणून पहिली फेरी पायी करावी. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान माणसे बागेत किंवा गुरांमागे असतात, तेव्हा जावे. काका, काकी, दादा, ज्याला जे शोभेल ते संबोधन वापरून आधी आपण कोण, कुठून आलो ते सांगावे आणि मग वाट विचारावी. प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. ‘ही वाट पुढे जाते का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘जाता’ असेच येते, कारण चालणाऱ्या माणसासाठी ती जाते. त्याऐवजी ‘या वाटेने बैलगाडी किंवा मोटारसायकल जाते का?’ असे विचारावे. मोटारसायकल जाते असे उत्तर आले तर ग्रॅव्हल सायकल निश्चित जाईल. ‘पावसात जाता नाय, आता जाता’ असे कोणी म्हणाले तर ते शब्दशः खरे मानावे.

वाटेत बेडे लागेल. बांबूचे आडवे दांडे सरकवून बंद केलेले ते फाटक गुरे आत शिरू नयेत म्हणून असते. ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ते मागे सोडावे. उघडे बेडे म्हणजे कोणाची तरी वायंगणी (पावसाळ्यानंतर घेतलेली) भाजी एका सकाळीत गुरांच्या पोटात जाणे. ज्या बागेतून जायचे तिच्या मालकाची परवानगी एकदाच, तोंडी का होईना, घ्यावी. मला आजवर नकार फार थोड्या वेळा मिळाला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याला कारण होते: काजूचा हंगाम, नवी कलमे, किंवा आधी आलेल्या कोणी तरी टाकलेल्या बाटल्या.

वनखात्याच्या हद्दीचे दगड किंवा फलक दिसले तर तिथे तोंडी परवानगी पुरत नाही. जवळच्या वनपाल किंवा वनरक्षकाकडे आधी विचारणा करावी. देवराईत सायकल नेऊ नये. बांधावर आणि सांडव्यावरही नेऊ नये. देवळाच्या आवारात सायकल बाहेर उभी करून, पादत्राणे काढून आत जावे.

४. ऋतू आणि वेळ

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ योग्य. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, या वाटांवर जाऊच नये. ओल्या जांभ्यावर हिरवट शेवाळाचा पातळ थर चढतो आणि त्यावर कोणताही टायर धरत नाही. शिवाय ओल्या सड्यावरची मातीची पापुद्र्यासारखी पातळ साय आणि तिच्यात उगवणारी लहान रानफुले चाकाखाली कायमची जातात. ऑक्टोबरात वाटा सुकू लागतात, पण उकाडा असह्य असतो आणि गवत छातीपर्यंत उंच असते, त्यामुळे पुढे काय आहे ते दिसत नाही. मार्चपासून काजू गोळा करण्याची लगबग सुरू होते, बागांत माणसे असतात, आणि वाळलेल्या गवताला वणवे लागतात. धूर दिसला तर त्या बाजूची वाट सोडून द्यावी.

दिवसातली वेळ सूर्योदयापासून साडेदहापर्यंत. दुपारी चारनंतर नव्या वाटेवर शिरू नये. संध्याकाळी जनावरे पाण्यावर उतरतात आणि तलाव म्हणजे त्यांचेच पाणी.

५. सायकल आणि टायरमधील हवा

नवी महाग ग्रॅव्हल बाइक घेतल्यावाचून हे करता येत नाही, असे मुळीच नाही. ४० मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा टायर बसणारी हायब्रिड सायकल किंवा पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाइक पुरते. २५-२८ मिलिमीटरच्या टायरची रोड सायकल मात्र आणू नये. जांभ्याच्या धारदार कडांवर तिचे टायर कापले जातात.

गिअरच्या बाबतीत एवढेच पाहावे की सर्वांत हलक्या गिअरवर पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चाकाचे) दात मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चाकाच्या दातांइतके किंवा त्याहून कमी असावेत. इथली चढण लांब नसते, पण एकदम उभी असते. ब्रेक डिस्कचे असल्यास उत्तम. रिम ब्रेकच्या रबरात जांभ्याची बारीक धूळ रुतते आणि ती रिम घासून काढते.

हवेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथेच होते. डांबरी रस्त्याच्या सवयीने टायर दगडासारखा कडक ठेवला जातो. जांभ्याची वाट एकसंध नसते. तिच्यावर वाटाण्याएवढे, तपकिरी, गोल खडे पसरलेले असतात. एखादा फोडून पाहिला तर आत पिवळट पोकळी दिसते. कडक टायर या खड्यांवर गोट्यांवर ठेवलेल्या फळीसारखा सरकतो. मऊ टायर त्यांना पोटात घेतो. सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर ४० च्या खाली फारसे जाऊ नये, कारण दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून फुटते. तिथून पुढे दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करत आपले माप आपणच ठरवावे आणि लिहून ठेवावे.

६. बरोबर काय घ्यावे

कागदपत्रांपैकी आधार किंवा अन्य ओळखपत्र, रक्तगट आणि घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, वनहद्दीतून जायचे असल्यास मिळालेली परवानगी, आणि सायकल रेल्वेने आणली असल्यास सामानाची पावती. आपल्या रेखाटनाची कागदी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी, फोनची बॅटरी संपली तरी ती हाताशी राहते.

साधनांची यादी:

– दोन ट्यूब (ट्यूबलेस असली तरी एक हवीच), पंक्चरचे सामान, टायर लीव्हर, हातपंप
– ॲलन कीचा संच, चेन तोडण्याचे हत्यार आणि एक जोडदुवा (तुटलेली चेन जोडणारी कडी)
– टायरचा तुकडा, सुमारे दहा सेंटिमीटर, कापल्या गेलेल्या टायरला आतून लावण्यासाठी
– हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, पुढचा आणि मागचा दिवा
– तीन लिटर पाणी, मीठ घातलेले कोकम सरबत, आणि हातात धरून खाता येईल असे काही
– जंतुनाशक, गॉज, क्रेप बँडेज, चिमटा
– शिट्टी

करवंदीचा काटा ट्यूबमध्ये मोडून राहतो आणि नवीन ट्यूब घातली तरी तीही पंक्चर होते. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटांनी सावकाश चाचपून काटा शोधावा आणि चिमट्याने काढावा.

७. सायकल तिथवर नेणे

कोकण रेल्वेवरील कुडाळ स्थानक सोयीचे. तिथून नेरूरमार्गे मालवणच्या दिशेने सायकलवरूनच तास-सव्वा तासात धामापूरला पोहोचता येते. रेल्वेत सायकल डब्यात न नेता सामान म्हणून पार्सल कार्यालयात नोंदवावी. गाडी जिथे मिनिट-दोन मिनिटेच थांबते त्या स्थानकासाठी पार्सल घेतले जाईलच असे नाही, म्हणून दोन दिवस आधी जाऊन विचारावे. एकदा माझी सायकल पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरवली गेली आणि ती आणण्यात अख्खा दिवस गेला. पेडल काढून, हँडल आडवे वळवून, फ्रेमभोवती पुठ्ठा बांधून आणि नाव-पत्ता दोन जागी लिहून द्यावी. खासगी बसच्या डिकीत चाके काढून सायकल सहज मावते. मागच्या डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) बाजू मात्र वर ठेवावी.

८. पहिल्या दिवसाचा आराखडा

पूर्ण फेऱ्याऐवजी फुलाच्या पाकळ्यांसारखा मार्ग आखावा. तलावाकाठी एक ठिकाण मुक्कामाचे ठरवावे, तिथून एका पाकळीवर निघावे, परत यावे, पाणी भरावे, आणि अंगात बळ असेल तर दुसरीवर निघावे. प्रत्येक पाकळी सहा ते आठ किलोमीटरची पुरे. जांभ्याच्या वाटेवर नवशिक्याचा वेग ताशी १०-१२ किलोमीटर पडतो आणि ढकलणे, थांबणे, वाट विचारणे धरले तर आठ किलोमीटरला तास सहज जातो.

पहिली पाकळी खालच्या थरातून, पाणंदींची. हेतू एवढाच की सायकलवरचे ओझे, ब्रेक आणि हवा यांचा अंदाज यावा. वाडीतून जाताना उतरून चालावे. कुत्री धावणाऱ्या चाकामागे लागतात, चालत्या माणसाच्या मागे फारशी लागत नाहीत. दुसरी पाकळी सड्यावर जाणारी. चढ सकाळच्या गारव्यात संपवावा आणि वर पोहोचल्यावर पंधरा मिनिटे थांबून आपण कोणत्या फाट्याने वर आलो त्या जागेचे छायाचित्र मागे वळून काढावे. सड्यावर सगळे फाटे सारखे दिसतात, आणि परतीची बाजू जाताना कधीच डोळ्यांसमोर नसते.

सड्यावर आणखी एक काळजी घ्यावी. कोकणच्या कातळसड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यातीलच कुडोपी येथील शिल्पे त्यांत मोडतात, आणि कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला आहे. उथळ कोरलेल्या या रेषा तिरप्या उन्हाशिवाय चटकन दिसत नाहीत. म्हणून सड्यावर मळलेली चाकोरी सोडून उघड्या कातळावरून सायकल नेऊ नये.

उतरताना काय करायचे ते नीट समजून घ्यावे. वळणाच्या आधी, सरळ भागातच वेग कमी करून घ्यावा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला की त्या गोल खड्यांवर पुढचे चाक बाजूला सरकते आणि माणूस कोपरावर पडतो. माझ्या उजव्या कोपरावर त्या लाल मातीची खूण अजून आहे. शरीराचे वजन किंचित मागे, गुडघे आणि कोपर सैल, हँडल घट्ट आवळून न धरता नुसते पकडलेले, आणि नजर चाकासमोर न ठेवता दहा-पंधरा हात पुढे. चाकोरीत खडे साचले असतील तर मधल्या गवताच्या उंचवट्यावर यावे. कोरड्या दिवसांत तिथे पकड अधिक मिळते. वळणावर पातेरा साचला असेल तर उतरून चालावे, कारण त्याखाली गडग्यातून निखळलेला चिरा किंवा पावसाने पाडलेली घळ असू शकते.

तिलारीचा मोठा जलाशय पाहून अनेकांना तिकडे जावेसे वाटते. दोडामार्ग तालुक्यातील त्या परिसराचा काही भाग २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आहे, आणि २००२ पासून कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती त्या तालुक्यात वावरत आहेत. नवशिक्याने तिथे सायकल घेऊन रानवाटेला जाऊ नये.

९. धोके आणि त्यांवरील उपाय

फुरसे हा साप जांभ्याच्या सड्यावर आणि गडग्यांच्या फटीत राहतो. तो लहान असतो, मातीच्या रंगात मिसळतो आणि जागचा हलत नाही. गडग्यावर हात टेकून बसू नये, दगड उचलू नये, आणि सायकल आडवी टाकण्यापूर्वी जागा पाहावी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. जिल्हा रुग्णालय ओरोस येथे आहे. रेंज कुठे मिळते ते पायी फेरीच्या वेळीच टिपून ठेवावे. बहुधा ती सड्यावर मिळते आणि तलावाच्या खोलगट भागात मिळत नाही.

गोचीड हा दुसरा धोका, आणि बाहेरून येणाऱ्यांना याची कल्पना नसते. सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग आणि बांदा भागांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडांतून पसरतो आणि साधारण जानेवारी ते मे या काळात त्याचा जोर असतो. पातेऱ्यात बसू नये, लांब मोजे आणि लांब पँट वापरावी, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासावे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. पुढील आठवड्याभरात एकाएकी ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी झाली तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गवा समोर आला तर थांबावे. घंटी वाजवू नये, ओरडू नये, फोटोसाठी पुढे जाऊ नये. तो वाट सोडेपर्यंत लांब उभे राहावे, आणि सोडत नसेल तर आपण मागे फिरावे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी शेताभोवती तारा ओढलेल्या असतात आणि क्वचित त्यांत बेकायदा वीजप्रवाह सोडलेला असतो. त्यामुळे कोणतीही तार हाताने किंवा सायकलच्या फ्रेमने वर उचलून खालून जाण्याचा विचार मनात आणू नये.

एकट्याने जाऊ नये. दोघे उत्तम, चौघांपेक्षा अधिक नकोत, कारण मोठा घोळका पाणंदीत मावत नाही आणि गुरे बुजतात.

१०. परतल्यावर

त्याच संध्याकाळी सायकल धुवावी. लाल माती रात्रभर चेनमध्ये राहिली की सकाळपर्यंत ती तेलात कालवून घासणीच्या पावडरीसारखी होते. आधी कोरड्या ब्रशने माती झाडावी, मग बादलीतले पाणी मगाने ओतावे. पाण्याचा जोराचा झोत बेअरिंगवर मारू नये. चेन कोरडी पुसून हलके तेल द्यावे आणि जादा तेल पुन्हा पुसून काढावे. ब्रेक पॅड काढून त्यांच्या पृष्ठभागावरची लाल तकाकी बारीक सॅन्डपेपरने घालवावी. टायर फिरवत एकेक चीर पाहावी आणि रुतलेले खडे सुईने काढावेत.

आपण गेलेल्या वाटेची जीपीएस नोंद सार्वजनिक करण्यापूर्वी ती उघडून पाहावी. जिथे मार्ग कोणाच्या खळ्यातून, बागेतून किंवा बेड्यातून गेला असेल तो भाग कापून टाकावा. त्या माणसाने वाट आपल्याला दिली होती, नोंद पाहून येणाऱ्या सगळ्यांना नव्हे. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्याच घराशी थांबून या मोसमात वाट मोकळी आहे की तिच्यावर नवी कलमे लावली आहेत, हे विचारूनच पुढे निघावे.